विश्लेषण : लॅपटॉपसाठी ‘४के’ मॉनिटर… पण आधी मान की आधी पडदा?

करोनाकाळात घरून काम सुरू झाले तेव्हा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, काही घरांत तर इस्त्रीच्या टेबलावरही मांडला गेला. ती सोय चार-सहा महिन्यांची असेल, असेच तेव्हा सगळे धरून चालले होते. पुढे अनेक कंपन्यांत आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करणे कायमचे झाले. टेबल मात्र तेच राहिले. मग मान आखडू लागते, संध्याकाळी डोळे चुरचुरतात आणि घरात मोठा मॉनिटर घेण्याची चर्चा सुरू होते. ऑनलाइन दुकानात पाहावे तर ‘४के’, ‘एचडीआर’, ‘१४४ हर्ट्झ’ अशा शब्दांचा मारा. अशा वेळी बहुतेक खरेदीदार आकड्यांकडे पाहून पैसे मोजतात आणि मानेचा प्रश्न होता तिथेच राहतो.

दुखणे पडद्याचे की मांडणीचे?

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना बिजागरीने जोडलेले असतात. प्रवासात ही सोय उत्तम. पण रोज आठ तास बसणाऱ्यासाठी हीच मोठी अडचण. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणला तर हात हवेत राहतात आणि हात टेबलावर ठेवले तर मान खाली जाते. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते. ते सरळ असताना मणका हे ओझे सहज पेलतो; पुढे झुकले की मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंवरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. कितीही स्पष्ट, कितीही महाग पडदा लॅपटॉपच्याच उंचीवर ठेवला तर यात काडीचाही फरक पडत नाही.

म्हणून पहिला खर्च मॉनिटरचा नसावा. पाचशे ते हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा लॅपटॉप स्टँड, सोबत वेगळा कीबोर्ड आणि माऊस, एवढ्यावर अनेकांचे निम्मे काम भागते. वेगळा कीबोर्ड न घेता नुसता स्टँड घेणे मात्र पैसे वाया घालवणे आहे, कारण मग मान वाचते आणि मनगटे दुखतात. स्टँडसाठी थांबायचे नसेल तर घरातला लाकडी पाट किंवा माळ्यावरचे जुने दिवाळी अंकही चालतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी आणि पडदा हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतक्या अंतरावर असावा, हा साधा निकष. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लागलेल्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा. चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायचे म्हणून ते हनुवटी वर करून बसतात, आणि मान पुन्हा दुखू लागते, फक्त उलट्या दिशेने.

‘४के’ म्हणजे नेमके काय मिळते?

मोठ्या पडद्याची गरज खरी असेल, म्हणजे दोन कागदपत्रे शेजारी शेजारी लावायची असतील, लांबलचक एक्सेल पाहायचे असेल, कोड लिहायचा असेल, तर प्रश्न येतो रिझोल्युशनचा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. क्यूएचडीवर (२५६० गुणिले १४४०) सुमारे ३७ लाख, तर ४केवर (३८४० गुणिले २१६०) सुमारे ८३ लाख. पण केवळ ठिपक्यांची संख्या फसवी असते. ते किती जागेत बसवले आहेत, म्हणजे एका इंचात किती ठिपके येतात, हे महत्त्वाचे. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचाला सुमारे १४१ ठिपके पडतात. तेच रिझोल्युशन २४ इंची मॉनिटरवर ताणले की ९२ होतात. अनेकांना नवा मॉनिटर घरी आणल्यावर ‘लॅपटॉपच बरा दिसत होता’ असे वाटते, त्याचे कारण हेच. २७ इंची क्यूएचडीवर हा आकडा १०९, २७ इंची ४केवर १६३ आणि ३२ इंची ४केवर सुमारे १३८ असतो.

यातला पुरेसा आकडा कोणता? सामान्य निरोगी दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो, असे मानले जाते. ६० सेंटिमीटरवरून पाहताना हे गणित इंचाला सुमारे १४५ ठिपक्यांपाशी येते. ७५ सेंटिमीटरवरून ११६ पाशी. म्हणजे टेबल खोल असेल आणि पडदा दूर ठेवता येत असेल, तर २७ इंची क्यूएचडी बहुतेकांना पुरेसा आहे. जवळ बसून दिवसभर अक्षरे वाचायची असतील तर ४केचे पैसे वसूल होतात.

यात मराठीत काम करणाऱ्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो जाहिरातीत कधीच येत नाही. रोमन अक्षराला वर-खाली फारसे काही लागत नाही. देवनागरीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय मध्ये जोडाक्षर, असा सगळा संसार तेवढ्याच उंचीत बसवावा लागतो. इंचाला ९२ ठिपक्यांच्या पडद्यावर बारीक अक्षरातला अनुस्वार एक-दोन ठिपक्यांचा उरतो, ‘दृष्ट्या’सारखा शब्द काळा डाग होतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक डोळे अंदाजाने भरून काढतात. मुद्रितशोधक, अनुवादक, डीटीपी करणारे, शासकीय परिपत्रके तयार करणारे यांच्यासाठी म्हणूनच जास्त ठिपक्यांचा पडदा ही चैन नाही. इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या परीक्षणांमध्ये ‘फुल एचडी पुरेसे’ असा निकाल दिलेला असला तरी तो जसाच्या तसा इथे लागू होत नाही.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. ४के घेतले म्हणजे चौपट जागा मिळते, असे नाही. २७ इंची ४के पडद्यावर अक्षरे मूळ आकारात ठेवली तर ती मुंगीएवढी दिसतात. त्यामुळे विंडोजमध्ये ती १५० टक्के मोठी करावी लागतात आणि मग कामाला उरणारी जागा बरोबर २५६० गुणिले १४४० इतकीच, म्हणजे क्यूएचडीएवढीच भरते. जास्तीच्या पैशांत मिळतो तो रेखीवपणा. जागा वाढत नाही. जागाच हवी असेल तर ३२ इंची ४के घ्यावा. डीटीपीच्या दुकानांत अजून चालणाऱ्या पेजमेकरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरला हे मोठे करणे कळत नाही. विंडोज त्यांचे चित्र नुसते ताणते आणि महागड्या पडद्यावर ती पुसट दिसतात. ज्यांची रोजीरोटी अशा सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी आपले काम त्या पडद्यावर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मॅकवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. २०१८ सालच्या ‘मोहावे’ आवृत्तीपासून अॅपलने कमी ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षरे गुळगुळीत दाखवण्याची जुनी पद्धत मागे टाकली. त्यामुळे मॅकबुकच्या शेजारी ठेवलेला क्यूएचडी मॉनिटर तुलनेने जास्तच भुरकट भासतो. त्यांनी ४केच्या खाली जाऊ नये, हे बरे.

घरातला टीव्हीच जोडला तर?

हा विचार जवळजवळ प्रत्येक घरात होतो आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही; पैसे वाचतात. पण ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचे रिझोल्युशन साधारण १३६६ गुणिले ७६८ असते, म्हणजे इंचाला जेमतेम ४९ ठिपके. सोफ्यावरून क्रिकेट पाहायला ते चालते, हातभर अंतरावरून पत्र वाचायला नाही. ४३ इंची ४के टीव्हीवर हा आकडा १०२ होतो, तो कागदावर बरा. तरी अनेक टीव्ही रंगाची माहिती काटछाट करून दाखवतात, त्यामुळे रंगीत अक्षरांच्या कडा फुटतात. एखाद्या सादरीकरणापुरता टीव्ही जोडावा, रोजच्या कामाला नको.

पैसे गेले कुठे? तारेत

चांगला मॉनिटर घेऊनही निराशा होते ती बहुधा तारेमुळे. जुन्या लॅपटॉपवरचे एचडीएमआय १.४ हे पोर्ट ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलू शकते. माऊसचा बाण तुटक हलतो, पान वर-खाली करताना धक्के बसतात आणि दोष मॉनिटरला दिला जातो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवे. यूएसबी-सीचे पोर्ट दिसते सगळीकडे सारखे. पण काहींतून चित्र जाते, काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा. स्वस्तातल्या यूएसबी-सी हबवर ‘४के’ असे मोठ्या अक्षरांत आणि ‘३० हर्ट्झ’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते बारीक अक्षरच वाचायचे.

कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर आणखी एक पेच. दोन मॉनिटर जोडण्याच्या काही डॉकना वेगळे सॉफ्टवेअर लागते आणि कंपनीच्या आयटी विभागाने ते बसवण्यावर कुलूप घातलेले असू शकते. एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर तर अधिकृतपणे एकाच बाहेरच्या पडद्याला आधार देते, हे दोन मॉनिटर घरी आणल्यावर कळणे महागात पडते. लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल नाव लिहून घेऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकात पोर्टचा उल्लेख पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे. ते मॉनिटर निवडण्याआधी करायचे.

सगळे जुळत असेल तर एकाच यूएसबी-सी तारेने चित्रही जाते आणि लॅपटॉप चार्जही होतो, अशा मॉनिटरला थोडे जास्त पैसे देणे योग्य ठरते. तो लॅपटॉपला किती वॅट देतो ते पाहावे. साध्या कामाच्या लॅपटॉपला ६५ वॅट पुरतात. ‘एचडीआर ४००’च्या शिक्क्यासाठी मात्र जादा पैसे देऊ नयेत. त्या पायरीवर पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद-प्रखर करण्याची अटच नाही, त्यामुळे खऱ्या एचडीआरचा अनुभव मिळत नाही. ‘लो ब्लू लाइट’चेही तसेच. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांविषयीच्या अभ्यासांचा कॉक्रेनने २०२३ मध्ये आढावा घेतला. त्यात डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचा ठोस पुरावा आढळला नाही. पडद्याकडे टक लावताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. त्यावर उपाय म्हणजे मधून मधून लांब पाहणे आणि पडदा खिडकीच्या समोर किंवा पाठीशी न ठेवता तिला काटकोनात ठेवणे.

स्टँड, आर्म आणि वन-बीएचके

मुंबई-ठाण्या-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खरी टंचाई ठिपक्यांची नसून टेबलाच्या खोलीची असते. भिंतीला टेकलेले ४५ सेंटिमीटर खोलीचे टेबल, त्यावर मॉनिटरचा २० सेंटिमीटरचा पाय आणि पुढे कीबोर्ड. पडदा नाकाशी येतो. २७ इंची पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. इतक्या जवळून तो पाहताना मान डावी-उजवीकडे फिरवावी लागते. अशा टेबलावर २४ इंचीच शहाणपणाचा, किंवा मग मॉनिटर आर्म.

स्वस्त मॉनिटरचा मूळ स्टँड बहुधा फक्त पुढे-मागे कलतो. उंची बदलत नाही. म्हणून मॉनिटरच्या मागे १०० गुणिले १०० किंवा ७५ गुणिले ७५ मिलिमीटरची ‘वेसा’ भोके आहेत का, हे पाहून घ्यावे. ती असतील तर आर्म नंतर केव्हाही लावता येतो. आर्म घेताना मॉनिटरचे स्टँडविना वजन आणि आर्मची वजनमर्यादा जुळवावी. वरचीच नाही, खालचीही. फार हलका पडदा गॅस-स्प्रिंगच्या आर्मवर आपोआप वर सरकत राहतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नये. भुशाच्या बोर्डाचे टेबल असेल तर क्लॅम्पखाली लोखंडी पट्टी किंवा जाड फळी द्यावी, नाहीतर बोर्ड दबून कड फुटते. भिंतीत भोके पाडून आर्म बसवणे उत्तम. भाड्याच्या घरात मालकाला विचारून.

हा खर्च कोणी करायचा?

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की खिसा कर्मचाऱ्याचाच. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनुसार पडद्यावर काम करणाऱ्यांच्या बैठकीची तपासणी करणे मालकाचे काम आहे आणि त्यात घरून काम करणारेही येतात. युरोपीय समुदायाचा यासंबंधीचा निर्देश १९९० चा आहे. आपल्याकडे कंपनी लॅपटॉप आणि पाठीवरची बॅग देते आणि तिचे काम संपते. घरून कामामुळे कार्यालयाची जागा, वीज, फर्निचर यांचा खर्च वाचत असेल, तर त्यातला एक मॉनिटर आणि एक कीबोर्ड कर्मचाऱ्याच्या टेबलावर पोहोचायला हवा. ही मेहेरबानी नव्हे. काही कंपन्या तसा भत्ता देतातही. मागितल्याशिवाय तो अनेकांना माहीतच नसतो. तेव्हा स्वतःचे पैसे काढण्याआधी मनुष्यबळ विभागाला एक ईमेल जरूर टाकावा.

खरेदी ऑनलाइन असो वा लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीतली, मॉनिटर आल्याच्या दिवशीच तपासावा. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेक पडदा लावून मेलेले ठिपके पाहावेत. अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत ठरावीक संख्येपर्यंतचे असे ठिपके दोष मानलेच जात नाहीत, त्यामुळे परत करण्याची मुदत हाच खरा आधार असतो. त्यानंतर मराठीतले एखादे लांब पान रोजच्या अक्षर-आकारात उघडून तासभर वाचून पाहावे. तोपर्यंत खोके आणि आतला थर्माकोल भंगारात देऊ नये; अनेक विक्रेते मूळ खोक्याशिवाय वस्तू परत घेत नाहीत.