जमा सोळा, नावे नव्वद

अकोल्याच्या माणसानं शिडाच्या होडीवर मतं मांडावीत, हे कोळ्यानं संत्र्याच्या बागेला ताण कधी द्यावा ते सांगण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. माझा जन्म अकोल्याचा, बी.कॉम. अमरावतीचं आणि बँकेतली नोकरी या दोन गावांच्या मध्ये, म्हणजे बरीचशी बडनेरा ते अकोला या रेल्वेच्या पासावर झालेली. जलप्रवासाचा अनुभव म्हणाल तर एकदा वडाळीच्या तलावात पायडलची बोट चालवली होती. तीही सौ.नं.

खारं पाणी मात्र आम्हाला कोणी शिकवू नये. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा वऱ्हाडाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. दर्यापूर तालुक्यात आमची थोडी शेती आहे आणि तिथल्या विहिरीचं पाणी असं की समुद्रानं चव घेऊन मान डोलवावी. मोटारीच्या स्टार्टरमधल्या तांब्यावर दरवर्षी हिरवा कळंक चढतो. आमचा वायरमन तो खरवडता खरवडता एकच वाक्य म्हणायचा, "भाऊ, खाऱ्या पाण्याच्या गावात जितके जोड तितके दुखणे. कायले एवढे जोड मारता?" तेव्हा मी हसलो होतो. त्या वाक्याची किंमत मला कळली ती गोव्यात, मांडवी नदीत, रात्री दोन वाजता.

माझे साडू मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते. पन्नाशीला नोकरी सोडून ते गोव्यात राहायला गेले आणि त्यांनी एक जुनी, सव्वीस फुटी शिडाची होडी घेतली. आमच्याकडे माणसं या वयात गुडघ्यांवर पैसे घालवतात. तर असो. होडी घेतल्यापासून दर महिन्याला त्यांचा फोन यायचा आणि होडीवर काय नवीन बसवलं त्याची बातमी मिळायची. आधी रंगीत पडद्यावर नकाशा दाखवणारं यंत्र आलं. मग फ्रीज आला. मग गाणी, पंखे. आणि एके दिवशी इन्व्हर्टर. इन्व्हर्टर म्हटल्यावर मी दचकलोच. लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही तो घेतला, कारण आमची वीज गावातल्या खांबावरून यायची आणि खांबाला दया नव्हती. ज्या समुद्रावर खांबच नाही तिथं जाऊन यांनी हौसेनं लोडशेडिंग विकत घेतलं! विचारलं तर म्हणाले, "अहो, सोय नको का?"

हा 'सोय' शब्द माझा शत्रू आहे. बँकेतही कर्जाचा अर्ज भरणारा प्रत्येक जण 'सोय म्हणून' घेतो आणि तीन वर्षांनी काउंटरवर आमच्याशी भांडायला येतो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघं गोव्याला गेलो. भाऊबीज होऊन गेलेली, चंद्र लवकर मावळणारा. दिवसभर आग्वादच्या बाजूला शिडावर फिरलो. खोटं कशाला बोलू, स्वर्ग होता. दुपारी साडूंनी मला दिव्यांचं शास्त्रही शिकवलं: जहाजाच्या डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा. रात्री एकच रंग दिसला तर ते आडवं चाललंय असं समजायचं, दोन्ही एकदम दिसले तर ते सरळ तुमच्याकडे येतंय. संध्याकाळी रेईश मागूशच्या बाजूला नांगर टाकला. डोलकाठीच्या टोकावर नांगरलेल्या होडीचा पांढरा दिवा लावला. फ्रीजमधलं थंड पाणी प्यालो, गाणी ऐकली, पंखे लावून झोपलो. माझी मुलगी पुढच्या खोपटात, खोपटच म्हणायचं त्याला, साडूंच्या मुलाशेजारी.

मला जाग आली ती उकाड्यानं. पंखा बंद. फ्रीजची गुरगुर बंद. वर येऊन पाहतो तर डोलकाठीवरचा दिवा गेलेला. तिकडे पणजीसमोर कॅसिनोच्या बोटींवर दिवाळी चाललेली आणि त्या झगमगाटापुढे आमची होडी म्हणजे पाण्यावर पडलेली सावली. त्या झगमगाटातून एक काळी आकृती सुटी झाली. बार्ज. तिच्यावर एक लाल ठिपका आणि एक हिरवा ठिपका. दोन्ही एकदम.

मी साडूंना हाक मारली, ती बहुधा वऱ्हाडीतच मारली असावी. त्यांनी इंजिनाची किल्ली फिरवली. 'टक्' एवढाच आवाज झाला, कारण इंजिन चालू करायला आणि पंखे फिरवायला बॅटरी एकच होती. रेडिओ त्याच बॅटरीवर. भोंगा त्याच बॅटरीवर. एवढी यंत्रं त्या सव्वीस फुटांत होती आणि सगळी मिळून एका क्षणी मेली. उरली ती माझ्या पिशवीतली तीन सेलची बॅटरी. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. सौ.ची बहीण सकाळीच ती पाहून हसली होती. ती मी आधी गुंडाळलेल्या पांढऱ्या शिडावर मारली, मग बार्जच्या माणसावर, पुन्हा शिडावर. हात इतका थरथरत होता की तिकडच्या माणसाला काहीतरी मोठा इशारा वाटला असावा. बार्जनं भोंगा दिला, हिरवा ठिपका दिसेनासा झाला, आणि ती बाजूनं गेली. किती जवळून ते मी सौ.ला अजून सांगितलेलं नाही. लाटेनं होडी हलली तशी मुलगी आतून झोपेत म्हणाली, "बाबा, बडनेरा आलं का?"

सकाळी मी साडूंकडे कागद मागितला. होडीतलं मला काही कळत नाही, पण खातं कळतं. बारा व्होल्टची, शंभर अ‍ॅम्पिअर-तासांची शिसं-आम्लाची बॅटरी म्हणजे शंभर रुपयांचं खातं. मात्र त्यात पन्नास रुपये किमान शिल्लक ठेवावी लागते. रोज निम्म्याखाली उपसली तर अशी बॅटरी लवकर मरते. म्हणजे हातात खरे पन्नास. आता भरणा पाहा. होडीवर पन्नास वॉटचा एक सोलर पत्रा. चांगलं ऊन असेल तर दिवसाला सोळाच्या आसपास. जमा सोळा. आणि नावे? फ्रीज चालू असताना चार अ‍ॅम्पिअर घेतो आणि गोव्याच्या उकाड्यात तो निम्मा वेळ चालूच असतो, त्याचे अठ्ठेचाळीस. इन्व्हर्टर कोणी वापरला नाही तरी नुसता जागा राहण्याचे अर्धा अ‍ॅम्पिअर घेतो, त्याचे चोवीस तासांचे बारा. (काम न करता पगार घेणारी जमात फक्त कचेऱ्यांत असते असं मी समजत होतो.) डोलकाठीवरचा दहा वॉटचा जुना बल्ब रात्रभराचे दहा. नकाशाचा पडदा आठ. रेडिओ नुसतं ऐकायचे सहा. पंखे नि गाणी सहा. बेरीज नव्वद.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "रोज सोळा भरून नव्वद काढणाऱ्या माणसाला आमच्या शाखेत आत घेत नाहीत."

"मग आणखी दोन पत्रे लावू. दुसरी बॅटरी घेऊ. लिथियमची घेऊ, ती जवळजवळ पूर्ण उपसता येते."

म्हणजे कर्ज फेडायला कर्ज. जास्त पत्रे म्हणजे जास्त वायर, जास्त वायर म्हणजे जास्त जोड, आणि खाऱ्या हवेत जोड म्हणजे काय ते आमच्या वायरमननं सांगूनच ठेवलंय. लिथियम बॅटरी चांगली असते, मी नाही म्हणत नाही, पण तिच्यात एक इलेक्ट्रॉनिक कारकून बसवलेला असतो आणि त्याला काही खटकलं की तो सरळ खिडकी बंद करतो. नोटीस नाही, काही नाही. शिवाय पत्रे दुप्पट केले की साडू यंत्रं तिप्पट करणार, हे मी त्यांच्या लग्नापासून जाणतो.

आता कोणी म्हणेल, घरी तर यापेक्षा किती वीज लागते, तिथं कुठं बिघडतं? घरची अक्कल होडीवर चालत नाही. साठ वॉटचा दिवा घरी २३० व्होल्टवर पाव अ‍ॅम्पिअर घेतो. तोच साठ वॉट बारा व्होल्टवर पाच अ‍ॅम्पिअर घेतो. बारीक वायर आणि कळंकलेला जोड यांतून एवढा प्रवाह जाताना वाटेतच कर भरत जातो. बॅटरीपाशी बारा असलेले व्होल्ट डोलकाठीच्या टोकाला जेमतेम दहा पोचतात. आणि उलट, तीच बॅटरी कुठं वायर घासून शॉर्ट झाली तर शेकडो अ‍ॅम्पिअर सोडते. वायर लाल होते. होडीवर आग लागली तर पळायला अंगण नसतं, म्हणून फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून हवा. साडूंच्या होडीवर तो होता, पण पलीकडच्या टोकाला, शोभेला. इन्व्हर्टर तर त्या ओल्या खोपटात २३० व्होल्ट घेऊन बसला होता.

बटणांची फळी उघडली तेव्हा गणपतीच्या मांडवामागची वायरिंग आठवली. सगळ्या वायरी लाल, पिरगळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या. दोन दिवस आम्ही एकेक वायर हातानं ओढत तिचा बाप शोधत होतो. निम्म्या वायरींना बापही नव्हता नि लेकरूही. पूर्वीच्या मालकानं यंत्र काढलं, वायर राहिली. मी त्या बंद पडलेल्या खात्यांसारख्या बाजूला काढल्या.

साडूंनी तरी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकलाच. "तुम्हाला आम्ही कंदील घेऊन फिरावं असं वाटतं का? अभिलाष टॉमींचं काय झालं ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. आम्ही बसलो होतो तिथून नदीवर थोडं वर, रायबंदरसमोरच्या दिवाडी बेटावर, 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातूनच दिलीप दोंदे २००९-१० मध्ये शिडावर एकट्यानं पृथ्वीला फेरी मारणारे पहिले भारतीय ठरले. त्याच जागी २०१७ साली 'थुरिया' झाली, 'सुहैली' या होडीची प्रतिकृती. मूळ 'सुहैली' आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, बत्तीस फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तीत बसून १९६८ च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाला आणि कुठंही न थांबता, एकटा, १९६९ च्या एप्रिलमध्ये परत पोचला. नऊ जण निघाले होते, पुरा करणारा हा एकटा. वाटेत त्याचा रेडिओ गेला, कित्येक महिने जगाला त्याचा पत्ता नव्हता. बॅटरीशी खटपट करताना आम्ल डोळ्यात उडालं. पण होडी चालत राहिली, कारण होडीचं चालणं बॅटरीवर नव्हतं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नियमच होता की साधनं १९६८ सारखी वापरायची. त्या शर्यतीत, दक्षिणेकडच्या हिंदी महासागरात, वादळानं 'थुरिया'ची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. ते सापडले ते उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांमुळे.

म्हणून मी साडूंना म्हणालो, ते यंत्र ठेवा. पहिलं तेच ठेवा, त्याची बॅटरी वेगळी असते. रेडिओ ठेवा. पाणी उपसणारा पंप थेट बॅटरीवर, त्याचा फ्यूज वेगळा. खोली मोजणारं यंत्र ठेवा, नदीत गाळ आहे. कंदील घ्या असं कोण म्हणतं? नियमही अडाणी नाहीत. सात मीटरच्या आतल्या शिडाच्या होडीला मोठे दिवे लावणं जमत नसेल, तर हाताशी पांढरा टॉर्च किंवा कंदील तयार ठेवला तरी चालतो, असं टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलंय. तुमची होडी थोडी मोठी भरते, तर एल.ई.डी. लावा. दहाच्या जागी दोन. नकाशाचा पडदा काढा, कागदी नकाशा घ्या, फोनमध्येही एक ठेवा. इंजिनाची बॅटरी वेगळी करा आणि तिला पंख्याचा हात लागू देऊ नका. इन्व्हर्टर आणि फ्रीज, रामराम.

नवीन खातं असं झालं: डोलकाठीचा दिवा दोन, रेडिओ सहा, खोलीचं यंत्र दोन, आतले दिवे दोन, फोन चार्ज करायचे तीन. नावे पंधरा, जमा सोळा. एक अ‍ॅम्पिअर-तास शिल्लक. इतका सुंदर ताळेबंद मी नोकरीत पाहिला नव्हता. फळीवर आता सहा बटणं आहेत, प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात चिठ्ठी, आणि काढलेली वायर साडेतीन किलो भरली. तांबं म्हणून भंगारवाल्यानं भावही बरा दिला.

थंड पाण्याच्या बाबतीत मात्र माझा पराभव झाला, तो लपवत नाही. मी छागल सुचवली. वैशाखात अकोल्याच्या गाडीच्या खिडकीला बांधलेल्या छागलीतलं पाणी काय गार लागतं! साडूंनी माझ्या समोर ती दोन दिवस टांगली. पाणी जसंच्या तसं कोमट. गोव्याच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तर गार कुठून होणार? वऱ्हाडचं सगळंच सगळीकडे चालत नाही. शेवटी मासळी बाजारातून बर्फ आणून पेटीत ठेवायचं ठरलं. बर्फाला वायर लागत नाही.

फ्रीज आणि इन्व्हर्टर सध्या आमच्या अकोल्याच्या घरात आहेत. सौ.नं तो बारा व्होल्टचा फ्रीज 'सोय म्हणून' ठेवून घेतला. त्यावर मी काही बोलत नाही, बोललो तर तो वेगळा लेख होईल.

परवा साडूंचा फोन आला. म्हणाले, "एक सुकाणू धरणारं यंत्र पाहिलंय. आपोआप धरतं. माणूस मोकळा. तासाला फक्त दीड अ‍ॅम्पिअर घेतं."

"शिल्लक किती आहे?"

"एक."

"दिवसाला?"

"हो, दिवसाला. पण साडूभाऊ, जरा सोय..."

एवढ्यात फोन बंद पडला. त्यांचीच बॅटरी संपली असावी.