हॉपकिन्स मोठा, पण केन आपला

काही वाद संपूच नयेत असं वाटतं. लता की आशा, गावसकर की तेंडुलकर, मिसळ पुण्याची की कोल्हापूरची (हा खरं तर वाद नाहीच, कोल्हापूरचीच!). आमच्या फ्लॅटवर दोन वर्षं असाच एक वाद चालू आहे. अँथनी हॉपकिन्स की मायकेल केन? रूममेट नागपूरचा आणि कट्टर हॉपकिन्सवाला. मी इचलकरंजीचा आणि केनवाला. परवा शनिवारी रात्री 'द रिमेन्स ऑफ द डे' पुन्हा एकदा बघितला, मग दोन वाजेपर्यंत भांडलो, आणि आडवा झाल्यावर लक्षात आलं की आपण केनची बाजू का घेतो याचं खरं कारण आपण त्याला आजवर सांगितलेलंच नाही. ते आज सांगून टाकतो.

आधी कागदावरचा हिशेब. दोघांना दोन-दोन ऑस्कर. हॉपकिन्सची दोन्ही प्रमुख भूमिकेची, 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) आणि 'द फादर' (२०२०). दुसरं मिळालं तेव्हा स्वारी ८३ वर्षांची होती. तोवर त्या वयात ते कुणालाच मिळालं नव्हतं. केनची दोन्ही सहायक भूमिकेची, 'हॅना अँड हर सिस्टर्स' (१९८६) आणि 'द सायडर हाऊस रूल्स' (१९९९). त्यातलं पहिलं घ्यायला तो जाऊसुद्धा शकला नाही, कारण तेव्हा तो 'जॉज: द रिव्हेंज' नावाच्या एका भयाण सिनेमाचं शूटिंग करत होता. त्यावरचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. सिनेमा मी पाहिलेला नाही, वाईट आहे असं ऐकतो, पण त्याच्या पैशांतून बांधलेलं घर पाहिलंय आणि ते झकास आहे, अशा अर्थाचं. रूममेट हे नेहमी केनच्या विरुद्ध वापरतो. मला मात्र ज्याच्या डोक्यावर होम लोन आहे अशा प्रत्येक माणसाने हे उत्तर फ्रेम करून लावावं असं वाटतं :)

तर कागदावर हॉपकिन्स जिंकतो, आणि हे मी मान्य करतो. नुसतं ऑस्करचं नाही. या माणसाचं आवाजावरचं प्रभुत्व थक्क करणारं आहे. जन्म १९३७ चा, वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचा, बाप बेकरीवाला. तिथून तो लंडनला नॅशनल थिएटरमध्ये पोचला आणि थेट लॉरेन्स ऑलिव्हिएचा राखीव नट झाला. १९६७ साली ऑलिव्हिए आजारी पडला तेव्हा 'द डान्स ऑफ डेथ' या नाटकात त्याच्या जागी हाच उभा राहिला. पुढची गोष्ट तर कमाल आहे. १९९१ साली 'स्पार्टाकस'मधला कापलेला एक प्रसंग परत जोडायचा होता, पण त्याचा आवाज हरवलेला. ऑलिव्हिए १९८९ मध्येच वारला होता. मग त्याचे संवाद म्हटले हॉपकिन्सने! आणि हॅनिबल लेक्टरचा तो अंगावर काटा आणणारा आवाज? हॉपकिन्सने सांगितलंय की त्यात ट्रुमन कपोटी आणि कॅथरिन हेपबर्न यांच्याबरोबर '२००१: अ स्पेस ओडिसी'तला हॅल ९००० हा कॉम्प्युटरसुद्धा आहे. आम्ही कॉम्प्युटरला माणसासारखं बोलायला शिकवतो, याने उलटं केलं.

आता केन. खरं नाव मॉरिस मिकलव्हाइट, जन्म १९३३ चा, दक्षिण लंडनमधला. बाप बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात हमाल, आई लोकांच्या घरी साफसफाई करणारी. भाषा कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगार वस्तीतली. इंग्लंडमध्ये तोंड उघडलं की माणूस कुठल्या थरातला ते समोरच्याला कळतं, आणि त्यावरून पुढचं सगळं ठरतं. त्या काळी कॉकनी बोलणाऱ्या नटाला फार तर नोकर, शिपाई, नाहीतर चोर.

१९६४ च्या 'झुलू' सिनेमासाठी केन गेला तोही एका कॉकनी शिपायाच्याच भूमिकेसाठी. ती आधीच दुसऱ्याला दिलेली. तो परत निघाला, तेवढ्यात दिग्दर्शक साय एन्डफिल्डने त्याला हाक मारली आणि चक्क उमराव घराण्यातल्या लेफ्टनंटची भूमिका देऊ केली. केनने नंतर अनेकदा सांगितलंय की एन्डफिल्ड अमेरिकन होता म्हणून हे झालं. ब्रिटिश दिग्दर्शकाने त्याला त्या भूमिकेत कधीच घेतलं नसतं. अमेरिकन माणसाला समोर फक्त एक उंच, गोरा, सोनेरी केसांचा तरुण दिसला. त्याच्या बोलण्याला चिकटलेली 'लायकी' त्याच्या कानाला ऐकूच आली नाही.

हा किस्सा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. का, ते सांगतो.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. इंजिनिअरिंगला इंग्रजी वाचता-लिहिता यायला लागलं, बोलायची वेळ फारशी आलीच नाही. नोकरी लागली आणि सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये एक दिवस उच्चारांचा होता. मी 'डेटा वेअरहाऊस'ला 'डेटा व्हेअरहाऊस' म्हणालो. प्रशिक्षकाने मला उभं करून तो शब्द तीनदा म्हणायला लावला. तिन्ही वेळा मी 'व्हेअरहाऊस'च म्हणालो. बॅच हसली. पुढे वर्षभर माझं नाव 'व्हेअरहाऊस' होतं. प्रशिक्षक मराठी होता, हसणाऱ्यांतले निम्मे मराठी होते.

त्यानंतर सहा महिने मी क्लायंट कॉलवर तोंड उघडलं नाही. बग मी शोधायचो, चॅटवर लिहून द्यायचो, आणि शेजारच्या खुर्चीवरचा कॉन्व्हेंटवाला ते वाचून दाखवायचा. अप्रेझलला 'कम्युनिकेशन'मध्ये त्याला किती आणि मला किती मिळाले असतील ते सांगायला नको.

मग एका रात्री अडीच वाजता प्रॉडक्शनमध्ये एक जॉब पडला. तो जॉब फक्त मला माहीत होता. बाकी सगळे झोपलेले. कॉलवर पलीकडे ओहायोची एक बाई. मी अडखळत, घाम पुसत, 'व्हेअरहाऊस'सकट सगळं सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. कशामुळे झालं आणि परत कधी चालवताय. मी सांगितलं. ती 'ओके, थँक्स' म्हणाली आणि कॉल कट. बास, संपलं! सहा महिने ज्याची भीती बाळगली ते तिच्या कानाला ऐकूच आलं नव्हतं. इचलकरंजीचा मी आणि मलबार हिलचा एखादा, तिच्यासाठी दोघंही सारखेच 'इंडियन'.

म्हणजे आमचा एन्डफिल्ड ओहायोत होता. मोजणारे कान इथेच, आमच्याच क्युबिकलमध्ये.

आता परत त्या दोघांकडे येऊ. दोघांनी बटलर रंगवलाय, आणि माझ्या मते हॉपकिन्स आणि केनमधला सगळा फरक त्या दोन बटलरांत आहे.

हॉपकिन्सचा बटलर म्हणजे 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९९३) मधला स्टीव्हन्स. कझुओ इशिगुरोच्या कादंबरीवरचा हा सिनेमा. निर्मात्यांमध्ये आपल्या मुंबईत जन्मलेला इस्माइल मर्चंट. स्टीव्हन्स इतका परिपूर्ण नोकर आहे की त्याला स्वतःचा असा आवाजच उरलेला नाही. वरच्या मजल्यावर बाप मरतो आणि हा खाली पाहुण्यांना हवं-नको बघत राहतो. मालक दोन ज्यू मोलकरणींना कामावरून काढायला सांगतो, हा काढतो. एका प्रसंगात मिस केन्टन (एमा थॉम्प्सन) त्याच्या हातातलं पुस्तक ओढून घेते. निघते एक साधी प्रेमकथा. आणि हा माणूस सांगतो काय, तर आपण असली पुस्तकं इंग्रजी सुधारण्यासाठी वाचतो! हसू येतं, पण त्याचा चेहरा बघितला की ते घशातच अडकतं. हॉपकिन्स तिथे जवळपास काहीच करत नाही. हात हलत नाही, आवाज चढत नाही. तरी आत काहीतरी कोसळतंय हे दिसतं. अभिनय म्हणून याच्या जवळपास जाईल असं केनचं एकही काम मला आठवत नाही. घ्या, लिहून दिलं.

केनचा बटलर सगळ्यांना माहीत आहे. नोलनच्या बॅटमन सिनेमांमधला आल्फ्रेड. 'बॅटमन बिगिन्स' (२००५) पासून तिन्ही सिनेमांत तो आहे. इतर कुणी असता तर आल्फ्रेडला तुपात घोळलेलं खानदानी इंग्रजी दिलं असतं. केनने त्याला लष्करातल्या जुन्या सार्जंटचा आवाज दिला. हा आल्फ्रेड चहा आणतो, जखमा शिवतो, आणि मालक चुकतोय असं वाटलं की तोंडावर सांगतो. 'द डार्क नाइट रायझेस' (२०१२) मध्ये तर ऐकत नाही म्हटल्यावर रडत रडत नोकरी सोडून जातो. सेवा करणं वेगळं आणि आवाज गहाण टाकणं वेगळं, हे त्या आवाजातच कळतं.

आमची इंडस्ट्री म्हणजे शेवटी सर्व्हिस इंडस्ट्रीच. क्लायंटने अशक्य तारीख मागितली की 'शुअर' म्हणणारे स्टीव्हन्स आमच्याकडे मजल्यागणिक सापडतात. मीही होतो. 'हे या तारखेला होणार नाही' एवढं वाक्य मोडक्यातोडक्या उच्चारात बोलणारा एखादा आल्फ्रेड मिळाला, तर प्रोजेक्ट वाचतो.

रूममेटचा एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. तो म्हणतो, तुझ्या केननेही आवाज बदललेच की! 'झुलू'त उमरावाचा, 'सायडर हाऊस'मध्ये अमेरिकन. शिवाय दुसरं ऑस्कर नेमकं त्या अमेरिकन आवाजालाच मिळालं. खरंय. पण तो कामापुरता. काम संपलं की कॉकनी परत. 'आल्फी'त (१९६६) तर तो कॅमेऱ्यात बघून थेट आपल्याशी त्याच बोलीत बोलतो. १९७२ च्या 'स्लूथ'मध्ये समोर साक्षात ऑलिव्हिए, तोवर लॉर्ड झालेला. सिनेमात एक खानदानी लेखक एका केशकर्तनालयवाल्याला त्याची पायरी दाखवायला बघतो. अख्खा सिनेमा जवळपास या दोघांवरच. दोघांनाही ऑस्कर नामांकन मिळालं. हॉपकिन्सने ऑलिव्हिएचा आवाज मिळवला. केन ऑलिव्हिएसमोर स्वतःच्या पायावर उभा राहिला. पहिलं जास्त अवघड असेल, पण मला दुसऱ्याची गरज होती.

आणि अकरा वर्षांनी 'एज्युकेटिंग रीटा'त (१९८३) तोच केन प्राध्यापक झाला. त्यात साहित्य शिकायला आलेली रीटा केस कापणारी. ती शिकते, आणि एक दिवस उसन्या खानदानी आवाजात बोलत येते. तो चमकतो. हे काय भलतंच, असं तिला विचारतो. मला तो प्रसंग त्या प्रशिक्षकाला दाखवायचा होता.

होता म्हणालो, कारण आता ती इच्छा राहिली नाही. गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये लातूरचा एक मुलगा आला. पहिल्याच कॉलवर तो 'जिरो डाऊनटाइम' म्हणाला आणि मी हसलो. माइक म्यूटवर होता, पण मी हसलो. व्हेअरहाऊस हसला जिरोला! म्हणजे ते मोजणारे कान माझ्याही डोक्याला आहेत. दुसऱ्या दिवशी त्याला चहाला घेऊन गेलो आणि माझी सगळी कहाणी सांगितली, त्या हसण्यासकट. तो म्हणाला, सर, मला माहीतच नव्हतं मी चुकीचं बोललो ते. मग मलाच बोलायला काही सुचेना. पुढच्या कॉलचा डेमो मी त्यालाच द्यायला लावला. दोनदा 'जिरो' म्हणाला. काही बिघडलं नाही.

२०२३ साली 'द ग्रेट एस्केपर'नंतर नव्वदीतल्या केनने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा रूममेटने मला पार्टी मागितली होती, त्याचा माणूस अजून कामावर आहे म्हणून. दिली. हॉपकिन्स मोठा नट आहे, यावर आता माझ्याकडून वाद नाही. आवडता विचाराल तर केनच. हॉपकिन्सला बघताना मी तोंडात बोट घालतो. केनला बघितलं की सोमवारच्या कॉलवर स्वतःला अनम्यूट करतो.

असो. सोमवार उद्यावर आलाय, आणि डेटा व्हेअरहाऊस वाट बघतंय.