वाहक म्हणजे निश्चिंत नव्हे

सिकलसेलचा ‘वाहक’ ठरलेल्या मुलास आपण सांगतो, तुला आजार नाही. विवाह ठरविताना तेवढी काळजी घे. हे बहुतांशी खरे आहे, सर्वांशी नव्हे. १९९५ साली अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी ३३ रुग्णांवरून मूत्रपिंडाच्या गाभ्यातील एका दुर्मिळ कर्करोगाचे वर्णन केले. रीनल मेड्युलरी कार्सिनोमा हे त्याचे नाव. तो मुख्यत: किशोरांना व तरुणांना होतो आणि त्यांतील बहुतेक सिकलसेलचे वाहक असतात.

लघवीतून रक्त जाणे व कुशीत दुखणे ही त्याची प्रमुख लक्षणे. मुतखडा वा जंतुसंसर्ग समजून औषध चालू राहते आणि निदान होईपर्यंत रोग बहुधा पसरलेला असतो. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगावरील औषधे येथे फारशी चालत नाहीत. प्लॅटिनमयुक्त रसायनोपचार व शक्य तेथे शस्त्रक्रिया हाच मार्ग. म्हणून गाठीचा तुकडा तपासून आयएनआय-१ हे प्रथिन नाहीसे झाले आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते.

विदर्भात व नंदुरबारकडे वाहकांची संख्या मोठी आहे. २०२३ पासून देशभर सिकलसेल तपासणीची मोहीम सुरू आहे. वाहकाच्या हाती पडणाऱ्या कार्डावर एकच ओळ वाढवावी : ‘लघवीत रक्त दिसल्यास विनाविलंब सोनोग्राफी करून घ्या.’ असे रक्त बहुतेकदा अन्य कारणांनीच जाते. तेव्हा घबराट नको. परंतु दुर्मिळतेच्या नावाखाली गाफिलीही नको.