कापलेली गाठ बादलीत टाकू नका

बोटावर किंवा ओठावर लालबुंद फोड उगवतो. दोन-तीन आठवड्यांत तो वाटाण्याएवढा होतो, आणि नुसता टॉवेल घासला तरी भळाभळा रक्त येतं. दवाखाना कसबा पेठेतला असो की बाणेरमधला, उपाय ठरलेला असतो. जागा बधिर करायची, फोड काढायचा, मूळ जाळायचं. मग प्रश्न येतो, तुकडा तपासायला पाठवायचा का? ‘साधीच तर गाठ आहे, कशाला खर्च?’ असं म्हणत तो पुष्कळदा बादलीत जातो. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि एएफएमसी असलेल्या, चौकाचौकात लॅबची पाटी असलेल्या शहरात हे चालावं, हे नवलच.

या फोडाचं रूढ नाव पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. नावावरून आत पू आणि ग्रॅन्युलोमा असावा असं वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही नसतात. दिसतात ते केशवाहिन्यांचे घोसासारखे पुंजके. म्हणून त्याचं आताचं नाव लोब्युलर कॅपिलरी हिमॅन्जिओमा. गरोदरपणात हिरडीवर येणारी लाल गाठही बहुधा हीच. ती निरुपद्रवी असते. पण रंग नसलेला मेलानोमा हा घातक कर्करोग किंवा कापोसी सार्कोमा अगदी असाच दिसू शकतो, आणि तिथे अनुभवी डॉक्टरांची नजरही फसते.

बाळांच्या बाबतीत गोंधळ वेगळा. अंगावर लाल डाग दिसला की आईने ग्रहणात विळी हातात धरली होती का, याची चौकशी अजून होते. (ग्रहणाचा इथे काही संबंध नाही.) दवाखान्यात सगळ्याच डागांना ‘हिमॅन्जिओमा’ म्हटलं जातं, तेही बरोबर नाही. बोस्टनच्या मुलिकन आणि ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये दोन गट वेगळे केले. एकात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी भराभर वाढतात आणि पुढे काही वर्षांत आपोआप ओसरतात. दुसऱ्यात वाहिन्यांची घडणच जन्मतः सदोष असते. ती ओसरत नाही, मुलाबरोबर वाढते. २००० साली ग्लूट-१ या प्रथिनाची खूण हाती आली. बाळांच्या हिमॅन्जिओमात ते रंगतं, सदोष घडणीत रंगत नाही. २००८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांना दिसलं, की प्रोप्रॅनोलॉल हे हृदयरोगावरचं जुनं औषध पहिल्या गटावर चालतं. पोर्ट-वाइन डागावर ते निरुपयोगी. तिथे लेझर लागतो. बहुतेक बाळांचं निदान तज्ज्ञ पाहूनच करतात, तुकडा काढावा लागत नाही.

जिथे काढावा लागतो, तिथे रिपोर्टातला शब्द महत्त्वाचा. ‘कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा’ हे जुनं नाव अजून वापरलं जातं. आजच्या वर्गीकरणात अशा बहुतेक गाठी शिरांची सदोष घडण ठरतात. तो कागद घेऊन पालक वर्षानुवर्षं गाठ जिरायची वाट पाहत बसू शकतात.

दोष एकट्या लॅबचा नाही. फॉर्मवर ‘हातावरची गाठ’ एवढंच लिहिलं, तर काचपट्टीपुढे बसलेल्या डॉक्टरांना रुग्णाचं वय कळत नाही, गाठ जन्मापासूनची की महिन्याभराची हेही कळत नाही. बाटलीचंही तसंच. तुकडा लगेच दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, निदान दहापट द्रावणात बुडायला हवा. सलाईनमध्ये रात्रभर ठेवून नातेवाइकांनी सकाळी स्कूटरवरून पोहोचवला, तर पेशी विघटित होऊ लागलेल्या असतात.