खुडूक कोंबडीची कैफियत

नाशिकच्या द्वारका चौकात पहाटेच्या सुमारास, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता यांच्या संगमावर दिवसाची कोंडी अजून जमलेली नसताना, चहासाठी थांबलेल्या एखाद्या टेम्पोतून असंख्य बारीक कंठांचा एकसारखा चिवचिवाट कानी आला, तर त्याचे नवल वाटून घेण्याचे कारण नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, एकेका खोक्याच्या चार कप्प्यांत पंचवीस-पंचवीस याप्रमाणे, नुकतीच यंत्रातून बाहेर पडलेली पिल्ले कुठल्या तरी शेडकडे चाललेली असतात. जन्मापूर्वी बलकाचा उरलेला अंश पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्या शिदोरीवर ते सुमारे तीन दिवस दाणापाण्यावाचून तगू शकते. ही तजवीज निसर्गाने महामार्गावरील प्रवासासाठी केलेली नाही. घरट्यातले पहिले पिल्लू व शेवटचे पिल्लू यांच्या जन्मात जे अंतर पडते, तेवढा वेळ आईला उरलेल्या अंड्यांवर निश्चिंतपणे बसून राहता यावे, एवढाच तिचा हेतू. आईच्या सोयीसाठी मिळालेल्या या मुदतीवर आज आईवाचून चालणारा एक प्रचंड व्यवसाय उभा आहे.

याच चौकात गेल्या हिवाळ्यात सिन्नरकडून आलेल्या गाडीतून उतरणाऱ्या एका वयस्क बाईंच्या हाती मी बांबूचे डालगे पाहिले. त्यात मातकट रंगाची एक गावठी कोंबडी, पिसे फुलवून, कोणी जवळ येताच घशातल्या घशात गुरगुरत बसलेली होती. “मावशी, विकायची आहे का?” असे मी सहज विचारले. “नाही हो दादा, खुडूक आहे,” त्या म्हणाल्या. “लेकीकडं चालवलीय. तिच्याकडं अंडी हायेत, पण बसायला कोंबडी न्हाई. पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी माझी.” मायलेकींमधला हा अर्धेलीचा करार कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसेल, परंतु ग्रामीण कुक्कुटपालनाचे जे मर्म आमच्या योजनांच्या कागदांतून निसटून गेले आहे, ते त्या डालग्यात शाबूत होते: खुडूकपणा हा कोंबडीचा दोष नसून गरिबाच्या घरचे ते भांडवल आहे.

खुडूक हा शब्द शहरी कानांना आता अपरिचित झाला असेल, म्हणून थोडा विस्तार क्षम्य ठरावा. दहा-पंधरा अंडी घालून झाली, की गावठी कोंबडीच्या देहात प्रोलॅक्टिन नामक संप्रेरकाचे प्रमाण वाढते, अंडी घालणे थांबते, छातीवरची पिसे विरळ होऊन उघड्या त्वचेची ऊब थेट अंड्यांना मिळू लागते, आणि एरवी अंगण उकरीत हिंडणारा हा चंचल जीव दिवसातून एखाद्या वेळी, थोडक्या अवधीपुरता, दाणापाण्यासाठी उठण्यापलीकडे जागचा हलत नाही. पंधरवड्यात निरनिराळ्या दिवशी घातलेली अंडी जवळजवळ एकाच वेळी कशी फुटतात, हे कोडे मला लहानपणी पडत असे. त्याचे उत्तर असे, की ऊब मिळेपर्यंत अंड्यातला गर्भ निद्रिस्त असतो आणि कोंबडी बसते त्या घटकेपासून सर्वांचा काळ एकदम सुरू होतो; तेथून २१ दिवस. या अवधीत ती चोचीने अंडी वारंवार फिरवते, कडेची आत व आतली कडेला सरकवते, कारण न फिरवलेल्या अंड्यातला गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटून मरतो. उबवणी यंत्रातील ट्रे ठरावीक वेळाने एका बाजूस कलतात ते याच कारणास्तव, आणि अठराव्या दिवसाच्या सुमारास ते कलणे थांबवून अंडी निराळ्या कक्षात हलवली जातात. एवढी विद्या यंत्राने कोंबडीपासून उचलली. परंतु शेवटच्या एक-दोन दिवसांत कवचाच्या आतून पिल्लू चिवचिवू लागते आणि कोंबडी हलक्या आवाजात त्याला ओ देते, दाणा कोणता व खडा कोणता हे ती चोच आपटून दाखवते, घारीची सावली अंगणावरून सरकताच एका विशिष्ट हाकेसरशी सारा परिवार तिच्या पंखांखाली अदृश्य होतो, ही विद्या यंत्रात भरता आली नाही. तिच्या ऐवजी तेथे विजेचा दिवा टांगतात, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश उष्णता राखतात आणि मग आठवड्या-आठवड्याने ती उतरवीत नेतात.

या बसण्याचा राग मात्र माणसाला पूर्वीपासूनच आहे. माझ्या आजोळी दोन कोंबड्या एकदम खुडूक झाल्या, की एकीला पाटीत बसवीत आणि दुसरीची खुडूक मोडीत. तिला हौदाच्या गार पाण्यात बुचकळून काढत, एक पाय दोरीने बांधून ठेवत, किंवा तिचेच एक पीस तिच्या नाकपुडीत आडवे ओवून देत. अंड्यांचा हिशेब पाहता आजीचे म्हणणे रास्तच होते. बसलेली कोंबडी अंडे देत नाही. पण एकीला तरी बसवलेच पाहिजे, हाही तिचाच दंडक होता, आणि या दुसऱ्या अर्ध्या शहाणपणाला आम्ही रजा दिली. पाळीव झालेल्या प्राण्यांत नैसर्गिक प्रेरणा कशा लोप पावतात, हे सांगताना डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात क्वचितच अथवा कधीच खुडूक न होणाऱ्या कोंबड्यांच्या जातींचे उदाहरण दिले होते. म्हणजे आधुनिक अंडी-उद्योग जन्माला येण्यापूर्वीच, पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्यांची निवड करीत माणसाने मातृत्वाची ही वहिवाट मोडायला घेतली होती. पुढे लेगहॉर्नच्या कुळातील कोंबड्यांनी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देऊन त्या निवडीवर शिक्कामोर्तब केले. अंड्यासाठी एक जात आणि मांसासाठी निराळी जात अशी वाटणी झाली, तेव्हा अंड्याच्या जातीतील नर पिल्लांना तर जन्मदिवशीच बरतर्फ करण्यात येऊ लागले, कारण त्यांना पोसणे कोणालाच परवडेना.

शहराला अंडी पुरवणाऱ्या या व्यवस्थेशी माझे भांडण नाही. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम साठ अंडी घालते आणि तिच्यावर विसंबून राहिल्यास द्वारका चौकातील एका सकाळची बुर्जीसुद्धा भागणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझा आक्षेप निराळा आहे. शेडच्या व्यवसायाला जे तर्कशास्त्र लागू पडते, तेच आम्ही परसातल्या पाच-दहा कोंबड्यांना सरसकट लागू केले. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत लाभार्थ्याला ५० टक्के अनुदानावर तलंगांचा गट, म्हणजे २५ माद्या व ३ नर, अथवा १०० एकदिवसीय पिल्ले देण्याची तरतूद आहे. तीन नर देण्यामागे अंडी फलित व्हावीत हाच हेतू असणार. परंतु वनराजा, गिरिराजा यांसारख्या ज्या सुधारित जाती परसासाठी म्हणून खेडोपाडी पोहोचल्या, त्यांच्यात खुडूक बसण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाही. नर आहेत, फलित अंडी आहेत, आणि त्यांच्यावर बसणारे मात्र कोणी नाही, अशी ही विचित्र गृहस्थी. दोन-अडीच वर्षांत माद्या म्हाताऱ्या झाल्या, काही मानमोडीने गेल्या, काही पाहुण्यांच्या ताटात गेल्या, की खुराडे ओस पडते आणि ती बाई पुन्हा अर्जदार होते. राष्ट्रीय पशुधन अभियानात १००० पक्ष्यांचा मूळ कळप, उबवणी केंद्र आणि पिल्ले वाढवण्याचे केंद्र उभारण्यास २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्या शेवटच्या केंद्राला सरकारी भाषेत ‘मदर युनिट’ म्हणतात. आईला खुराड्यातून बेदखल केल्यावर तिच्या नावाने इमारत बांधावी, हा योगायोग विनोदी खरा, पण उद्बोधकही आहे.

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे मात्र वजनदार आहेत. पहिला रोगराईचा. मोकळ्या अंगणात आईमागे फिरणारी पिल्ले मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, चटकन बळी पडतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तर त्या परिसरातील घरगुती कोंबड्याही शेडमधल्यांबरोबर माराव्या लागल्या. पण लसीचा आणि खुडुकीचा विरोध नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात टाकायचा लासोटा लसीचा थेंब यंत्रातल्या पिल्लाला जसा चालतो, तसाच कोंबडीच्या पंखाखालून काढलेल्या पिल्लालाही चालतो. उणीव आहे ती शंभर मात्रांची कुपी बारा पिल्लांसाठी कोण फोडणार, या व्यवस्थेची. आणि गल्लीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या, तर ती उणीवही पुष्कळशी भरून निघते. दुसरा मुद्दा असा, की सुधारित पक्ष्यांची अंडी घरी उबवली तर पुढील पिढीत अंड्यांचा व वजनाचा गुण उतरतो. उतरतो हे खरेच. तथापि थोड्या उतरत्या गुणाची दहा पिल्ले आणि ओस खुराडे यांत कोणते पत्करावे, हा निर्णय प्रयोगशाळेने करण्यापेक्षा चूल सांभाळणाऱ्या बाईवर सोपवणे अधिक न्याय्य होय.

ज्यांना घरी हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. कोंबडी थंडीच्या दिवसांत बसवावी. नाशिकच्या चैत्र-वैशाखात साठवणीतच अंडी नासतात. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली अंडी घ्यावीत आणि ती तिच्या अंगाखाली पुरती झाकतील इतकीच, म्हणजे दहा-बारा, ठेवावीत, कारण लोभाने पंधरा ठेवली तर कडेची थंड पडून सगळ्यांचाच हिशेब बिघडतो. पसरट पाटीत भुसा किंवा गवत घालून ती अंधाऱ्या, निवाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवावी आणि दाणापाणी हाताच्या अंतरावर असावे. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडे धरून पाहावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ जिवंत, नुसते स्वच्छ दिसले तर अंडे वांझ, ते काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर मात्र आपले कुतूहल आवरावे. अडकलेले पिल्लू सोडवण्याच्या दयेने कवच फोडणारा माणूस बहुधा त्याला रक्तबंबाळ करतो. पिल्ले निघाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मायलेकरांना डालग्याखाली झाकून ठेवले, तर घार, मुंगूस आणि मांजर यांचा बंदोबस्त आपोआप होतो.

आता पशुसंवर्धन खात्यास एक विनंती. त्यासाठी नवे अनुदान नको, इमारत नको. २५ तलंगांच्या गटात दोन तलंगा कमी द्याव्यात आणि त्यांच्या जागी बसण्याची सवय सिद्ध झालेल्या दोन गावठी कोंबड्या त्याच गावातून खरेदी करून द्याव्यात, जेणेकरून सुधारित कोंबडीच्या अंड्याला गावठी आई मिळेल आणि गावातील ज्या बाईने अशी कोंबडी राखली, तिलाही तिचे मोल मिळेल. गटाची पाहणी करावयास येणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाच्या तक्त्यात किती अंडी मिळाली या रकान्याशेजारी किती पिल्ले घरी निघाली, असा एक रकाना वाढवावा. ज्या गोष्टीला रकाना नसतो तिची किंमत दप्तरात शून्य धरली जाते, हा आपल्या कारभाराचा जुना दस्तूर आहे.

सिन्नरच्या त्या मावशी पुन्हा मला दिसल्या नाहीत, त्यामुळे लेकीकडे किती पिल्ले निघाली ते कळले नाही. परंतु एका गोष्टीविषयी मी निःशंक आहे: त्यांच्या घरचे खुराडे भरण्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नसणार, आणि जे कुक्कुटपालन मंजुरीवाचून पुढच्या वर्षी चालू राहते, त्यालाच गरिबाचा जोडधंदा म्हणता येईल.