गाव कोणाच्या पैशावर बोलतं?

महाशिवरात्रीला प्रतापगडाच्या पायथ्याशी पाय ठेवायला जागा नसते. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या परिसरात महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही. छत्तीसगडची हद्द जवळ, त्यामुळे तिकडचेही भाविक येतात. जत्रेकरूला कोणी विचारत नाही की बाबा, तुला कोणी पाठवलं? पण यातलाच एखादा माणूस पुढे ग्रामसभेत उभा राहून जंगलावरचा हक्क मागू लागला, की हमखास कुजबुज सुरू होते : यामागे कोण आहे? पैसा कुठून येतो?

या कुजबुजीला आज जगभर कायद्याचं बळ मिळालं आहे. रशियाने २०१२मध्ये परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर ‘परकी हस्तक’ हा शिक्का मारला. जॉर्जियाने २०२४मध्ये तसाच कायदा केला, राजधानीत हजारो लोक रस्त्यावर असताना. आपण याबाबत मागे नाही, पुढेच होतो; परदेशी देणग्यांवरचा आपला पहिला कायदा १९७६चा, म्हणजे ऐन आणीबाणीतला.

‘यामागे परकी हात आहे’ या आक्षेपाची गोंदियात परीक्षा घेऊन पाहावी. हा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीत लागू असलेला, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथल्या आदिवासी गावांना मिळत नाही. हाती उरला तो २००६चा वनहक्क कायदा, तोही भारताच्या संसदेने केलेला. त्याच्या आधारे १५ ऑगस्ट २००९ रोजी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण कागद मिळाला म्हणून बांबू मिळाला नाही. बांबू विकायला लागणारं वाहतूक परवान्याचं पुस्तक वन खात्याने हातचं सोडलं ते एप्रिल २०११मध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले तेव्हा. पुढच्या काळात गोंदियातल्याही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पूर्वी वन खातं लिलाव करी, ठेकेदार येई आणि गावाच्या हाती फक्त तोडणीची मजुरी पडे. आता निविदा ग्रामसभा काढते, दर तीच ठरवते, व्यापाऱ्याशी करारही तीच करते. यातला ‘परकी हात’ कोणता, हे आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा दाखवून द्यावं.

उलट बाजूचं म्हणणंही तपासायला हवं. पैसा, प्रशिक्षण आणि सल्लागार पाठवले की लोकशाही रुजते, असं मानणारा एक मोठा वर्ग आहे. अमेरिकेने १९८३मध्ये त्यासाठी ‘नॅशनल एंडाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ ही संस्थाच काढली. तिचे पुरस्कर्ते पोलंडचं उदाहरण देतात. पण ग्दान्स्कच्या गोदीतला संप ऑगस्ट १९८०चा, म्हणजे संस्थेच्या जन्माआधी तीन वर्षांचा. त्या संपातून उभ्या राहिलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे लाखो सभासद आधी होते, बाहेरून आलेल्या पैशाने आणि छपाईच्या साहित्याने चळवळीला लष्करी कायद्याच्या काळात तग धरायला मदत केली. अफगाणिस्तानात क्रम उलटा होता. वीस वर्षं पैसा ओतला गेला. तिथल्या अनेक संस्थांचे अहवाल देणगीदाराच्या भाषेत आणि देणगीदारासाठीच लिहिले जात. ऑगस्ट २०२१मध्ये राजवट किती दिवसांत कोसळली, ते सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा पैसा कुठून आला हा प्रश्न गैर नाही, अपुरा आहे. हिशेब कोणापुढे वाचला जातो, हे त्याहून महत्त्वाचं. तेंदूच्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जातो आणि पुडे बांधणारी बाई उठून विचारू शकते की आमचा बोनस अजून का आला नाही. अशा गावाला नकाशे काढायला किंवा कायदा समजून घ्यायला बाहेरच्या संस्थेने मदत केली, तर ती कुठल्या देशाच्या देणगीवर चालते याने गाव विकलं जात नाही. आणि जिथे ती बाई विचारू शकत नाही, तिथे संपूर्ण स्वदेशी पैशावर चाललेली संस्थाही ठेकेदारासारखीच वागते. अशा संस्था विदर्भाने कमी पाहिलेल्या नाहीत.

बाहेरचा पैसा मुळातच वाईट नसतो, हे भारत सरकारलाही तत्त्वतः ठाऊक असावं. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी २००५मध्ये सुरू झाला तेव्हा अमेरिकेबरोबर भारतही त्याच्या पहिल्या मोठ्या देणगीदारांत होता. म्हणजे परदेशातल्या नागरी संस्थांना लोकशाहीसाठी पैसा देणं आपल्याला चालतं. घरात मात्र परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाच बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली. नागपूर-मुंबईच्या मोठ्या संस्था यातून वाट काढतात. तालुक्याच्या गावात दोन खोल्यांत चालणारी, कार्यकर्त्यांच्या पगारालाच ‘प्रशासकीय खर्च’ म्हणावं लागणारी संस्था आधी मरते.

राजकीय पक्षांसाठी कायदा इतका कडक राहिला नाही. मार्च २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परदेशी देणग्यांचा कायदा मोडल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०१६ आणि २०१८च्या वित्त विधेयकांतून ‘परदेशी स्रोत’ या शब्दांची व्याख्याच बदलली, आणि तीही पूर्वलक्षी, थेट १९७६पासून. लोकसभेत २०१८ची ही दुरुस्ती चर्चेविना मंजूर झाली.