उद्यांचा विचार कोणाचा?

‘मोलकरणींना उद्यांची काळजी नसते, हातांत पैसा आला कीं संपला,’ हें विधान आमच्या सुशिक्षित घरांतून इतक्या निर्धास्तपणें केलें जातें, कीं त्याचा पुरावा कोणी मागत नाहीं. माझ्या मतें तें खोटें आहे. आणि तें खोटें असल्याची साक्ष मुलुंडांत रोज आमच्या दारीं येते.

राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशीं असलेल्या अमर नगर, हनुमान पाडा या वस्त्यांतून ज्या बायका सकाळीं आमच्या इमारतींकडे येतात, त्यांतील कित्येकजणी भिशी लावतात. शाळा उघडण्याच्या सुमारास, म्हणजे जूनमध्यें, आपली उचल यावी म्हणून त्या आपसांत पाळ्या बदलून घेतात. यास दूरदृष्टि म्हणावयाचें नसेल, तर आमच्या विम्याच्या हप्त्यास तरी तें नांव कशाकरितां द्यावें?

मात्र या दूरदृष्टींत एक जागा रिकामी असते. अशा आईस पुढील दहा वर्षांविषयीं विचारा. ती मुलीच्या शिक्षणाविषयीं बोलेल, मुलाच्या नोकरीविषयीं बोलेल. ‘आणि तुमचें स्वतःचें काय?’ असें विचारतांच ती नुसती हंसेल. या हंसण्यास आम्ही मातृहृदयाचा त्याग म्हणून गौरवितों. हा गौरव आम्हांस फार सोयीचा आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. माझेंही माझ्या मुलांवर प्रेम आहे. तरी निवृत्तीनंतर कोणतीं पुस्तकें वाचावीं, याचीं स्वप्नें मला पडतात. कारण माझ्या म्हातारपणाची तरतूद भविष्यनिर्वाह निधीनें केली आहे. तिची तरतूद कोणींच केली नाहीं. म्हणून मुलें हाच तिचा निधि. ज्यास आम्ही त्याग म्हणतों, तो पुष्कळसा नाइलाज आहे.

‘सरकार देतेंच ना?’ असें कोणी म्हणेल. ‘लाडकी बहीण’ योजनेखालीं जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये मिळूं लागले, हें चांगलेंच झालें. पण त्या योजनेची वयोमर्यादा ६५ वर्षें आहे. हात थकतात तेव्हां ती हात सोडते.

शिवाय सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या खिशाकडे पाहावें. ‘श्रमयोगी मानधन’ ही केंद्र सरकारची योजना २०१९ सालीं निघाली. १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगारानें प्रवेशाच्या वयाप्रमाणें दरमहा ५५ ते २०० रुपये भरावे, तितकेच सरकारनें घालावे, आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळावें, अशी ती योजना. तिच्यांत बसणाऱ्या बाईचा हप्ता मालकिणीनें भरावयास काय हरकत आहे? रविवारीं उपाहारगृहांत आम्ही याहून अधिक खर्च करतों. जिचें वय चाळिशीपुढें गेलें, तिच्या नांवें पोस्टांत खातें उघडावें.

हा दानधर्म नव्हे. तें तिचें थकलेलें वेतन आहे. तें आधीं चुकतें करूं, आणि मग तिला उद्यांचा विचार आहे कीं नाहीं, याची चर्चा खुशाल करूं.